गंधकाचं मडकं

नातसून दिवा लावायला काडी ओढते, गंधकाचा वास येतो, आणि या वयातही मी मनातून जळते.

निजामाच्या काळातली गोष्ट. आमच्या हट्टा गावात शेतकी खात्याचा माणूस आला होता. ज्वारीच्या बियाण्याला गंधक चोळलं की कणसं काणी रोगानं काळी पडत नाहीत, हे त्याला दाखवायचं होतं. चावडीपुढं त्यानं मडकं मागितलं ते माझ्या धाकट्या जावेचं, गयाचं. बी निवडायला तिला शिकवलं होतं मी! पिवळी भुकटी टाकून ती मडकं हलवत राहिली, बांगड्या वाजत राहिल्या, अन् सगळा गाव तिच्याकडं बघत राहिला.

उरलेलं गंधक घेऊन ती माझ्या दारात आली. "जाऊबाई, तुमी बी लावा."

"आमच्या बियाला असली थेरं लागत न्हाईत," मी म्हणाले.

त्या साली माझी कणसं काळी पडली, तिची पांढरीशुभ्र आली.

पुढच्या साली मी परसात गुपचूप मडकं हलवलं. कणसं भरली. खात्याचा माणूस काही फिरकला नाही. बघायला आली ती एकटी गया.

"लई बेस झाली, जाऊबाई," ती हसून म्हणाली.

तिच्या मनात वाकडं काही म्हणता काही नव्हतं, हे मला आता कळतं. आता तर त्याचाच जास्त हेवा वाटतो.