पापणी पडलेली नाही

रुग्णवाहिकेतली डॉक्टर म्हटलं की लोकांना वाटतं, ही दिवसभर सुया टोचत असणार. माझा अर्धा जन्म 'नाही' लिहिण्यात गेलाय. सूज नाही, उलटी नाही, औषध दिलं नाही, का दिलं नाही. पुढच्या डॉक्टरला हे कळायला नको? त्याला काय स्वप्न पडणार आहे?

त्या सकाळी कोरपन्याच्या बाजूच्या एका गावातून आम्ही राजुऱ्याकडे निघालो होतो. जमिनीवर झोपलेल्या तरुण पोरीला पहाटे मण्यार चावली होती. गाडीत तिच्या शेजारी तिची आई. बाहेर नुसतं धुकं. साग त्यात विरघळत चाललेला. गाडी पुढे जातेय की जंगलच मागे वाहतंय, कळेना. पोरगी शांत बोलत होती. मण्यारीचं विष आधी पापण्यांवर उतरतं, म्हणून मी तिला सारखं वर बघायला लावत होते.

"दोन-दोन दिसतं? गिळताना अडकतं?"

"नाई," पोरगी म्हणे.

आई भडकली. "नाई ते काऊन इचारता बाई? नसलेलं बोलावून राह्यले काय? इंजेक्शन द्या नं!"

"विष चढल्याची खूण दिसल्याशिवाय नाही देणार. ते औषधही कधी कधी उलटतं. गप बसा!" मीही काही कमी नाही. लिहिलं: पापणी पडलेली नाही. इंजेक्शन दिलं नाही, कारण खूण नाही.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा वर बघ म्हटलं, तर पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. मघाशी नव्हतं, आता आहे. शंकेला जागाच नाही. इंजेक्शन सुरू केलं. तरी बघता बघता डोळे मिटले, आवाज गेला, श्वास मंदावला. मी फुगा दाबून श्वास देऊ लागले.

"गेली वो माही पोरगी!" आईने हंबरडा फोडला.

"कुठं गेली? विषानं अंग लुळं पडलंय, बेशुद्ध नाहीये ती!" मी ओरडले. तिच्या मुठीत माझं बोट दिलं. "दाब गं." तिने दाबलं. अगदी हलकं, पण दाबलं. मला रडूच आलं.

राजुऱ्याला तिला श्वासाच्या मशीनवर घेतल्यावर कागदावर शेवटी तेच लिहिलं: बेशुद्ध नाही. म्हणून तिथली सिस्टर त्या मिटल्या डोळ्यांशी बोलत राहिली, सुई टोचण्याआधी सांगत राहिली.

पोरगी घरी निघाली त्या दिवशी मी भेटायला गेले. म्हणाली, "बाई, समदा अंधार झाला होता. आई रडून राह्यली होती. मले वाटलं, मी मेलीच. मंग तुम्ही म्हटलं, बेशुद्ध नाई. तवा मले समजलं, मी हावो."