औषध न देणारे भाऊजी

माझे धाकटे दीर डॉक्टर होते, पण घरातल्याच दवाखान्यात आलेल्या माणसाला ते औषधाऐवजी प्रश्न देत. मोठ्या शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात काही वर्षं नोकरी करून शहाद्याला परतले, ते ही खोड घेऊनच. गाव त्यांना डॉक्टरसाहेब म्हणे. मी भाऊजी म्हणे आणि दिवसातून दहादा वैतागे.

ब्राह्मणपुरीचा एक धडधाकट पाटील छातीत धडधडतं म्हणून बैलगाडीतून आला. भाऊजींनी नीट तपासलं आणि म्हणाले, "तुन्हं काळीज चांगलं शे. तुले मरानं भेव वाटस का?" पाटील इतका संतापला, की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मलाच सुनावून गेला. आजाऱ्याला असं कोणी विचारतं का, म्हणून मीही भाऊजींना बोलले. ते म्हणाले, काही होणार नाही असं सगळेच सांगतात, म्हणून तर तो एकटा पडलाय.

आठ दिवसांनी पाटील परत आला. मग वर्षभर दर बाजाराला येऊन बसे. त्याचा थोरला भाऊ याच वयात, औत धरलेलं असताना शेतात कोसळला होता, हे सांगायला त्याला तीन महिने लागले. धडधड पुरती गेली नाही, पण तो पेरणीला उभा राहिला.

अशा माणसांवर भाऊजी पुस्तक लिहीत होते. माझं अक्षर बरं, म्हणून नक्कल माझ्या गळ्यात. भाकरी आवरून मी पान उतरवावं आणि भाऊजींनी त्यावर आडवी रेघ ओढावी. "वहिनी, यामा मीच शहाना दिखस," म्हणायचे. पाटलाचं प्रकरण सात वेळा लिहिलं. सातव्यांदा मी दौत आपटली. सांडलेली शाई त्यांनी पुसली आणि आठव्यांदा लिहायला दिलं. पुस्तक छापून आलं, तर मरणाचं पुस्तक घरात नको म्हणून लोकांनी परत आणून दिलं.

त्याच वर्षी त्यांना क्षयाने धरलं. बरे व्हाल, बरे व्हाल, असं मी अगदी शेवटच्या दिवसांतही घोकत होते.

"वहिनी, तुम्ही तरी खोटं नका बोलू."

मग मी भीत भीत विचारलं, भीती वाटते का?

"वाटस. भलती वाटस."

मी हात धरून बसले. तीन दिवस जवळजवळ उठलेच नाही. चौथ्या दिवशी दुपारी म्हणाले, "जेई या, वहिनी. मी शे ना."

दोन घास घेऊन परतले, तेव्हा ते नव्हते. इतकी वर्षं झाली, त्या दोन घासांचा राग मी अजून त्यांच्यावरच काढते.