केराच्या डब्यातलं नाटक

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या कचेऱ्यांमध्ये असा एकही संगणक नसेल, ज्याला माझ्या साडूंनी एकदा तरी तोंडावर चार शब्द सुनावले नाहीत. साखर कारखान्यापासून दाताच्या दवाखान्यापर्यंत आणि वकिलाच्या ऑफिसपासून खताच्या दुकानापर्यंत, जिथे जिथे पडदा गोठला, प्रिंटर रुसला किंवा कालपर्यंत दिसणारी फाईल आज दिसेनाशी झाली, तिथे तिथे साडू पोहोचले आणि त्यांनी आधी यंत्राला आणि मग यंत्रापुढच्या माणसाला फैलावर घेतलं. धंदा म्हणाल तर सॉफ्टवेअरची दुखणी काढण्याचा, स्वभाव म्हणाल तर फौजदाराचा, आणि मुक्काम कऱ्हाडात. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली आहे. एवढ्या एकाच नात्यावर सांगलीतलं माझं करसल्लागाराचं ऑफिस हे त्यांचं हक्काचं चहापाण्याचं ठिकाण झालं आणि शनिवार आला की त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गावोगाव हिंडणं माझ्या नशिबी आलं. "एकट्यानं गाडी मारायला कट्टाळा येतो पाव्हणं, चला," एवढंच आमंत्रण असायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की सोमवारी माझा प्रिंटर हटकून बंद पडायचा आणि साडूंचा फोन लागायचा नाही. हा निव्वळ योगायोग होता, असं मी बायकोला अजूनही सांगतो.

त्यांच्या खांद्याला बॅग नसे. कमरेला आजोबांच्या काळची पानाची चंची असे. पान त्यांनी जन्मात खाल्लं नाही, पण पेन ड्राइव्ह ठेवायला चंचीइतकी सोयीची वस्तू माणसाने अजून काढलेली नाही असं त्यांचं ठाम मत होतं. सुपारीच्या कप्प्यात अँटिव्हायरस, काताच्या कप्प्यात प्रिंटरचे ड्रायव्हर, आणि मधल्या मोठ्या कप्प्यात, जिथे पानं ठेवतात तिथे, अख्खी सिस्टीम. साहेबाच्या टेबलावर त्यांनी चंची सोडली की एखादा भाबडा साहेब "मला चुना जरा कमी" म्हणून जायचा. साडू त्याच्याकडे अशा नजरेने बघत, की साहेब पुढचा तासभर स्वतःच्याच केबिनमध्ये अवघडून बसे.

संगणकाला हात लावण्याआधी ते जबान्या घेत. "शेवटला हात कुणाचा लागला?" हा पहिला प्रश्न. त्यावर साऱ्या ऑफिसचं एकच उत्तर ठरलेलं असे, "आमी काय सुदीक केलं न्हाई. आपोआप झालं." साडू म्हणत, "आपोआप गवत उगवतं. फायली जात न्हाईत." मग एकेकाला समोर उभं करून चौकशी. फलटणकडे ऊस वाहतुकीच्या एका ऑफिसात हिशेबाच्या शीटमध्ये सगळे मोठे आकडे जाऊन त्या जागी '####' अशी नुसती जाळी दिसायला लागली होती. तिथला कारकून सज्जन. जाळी दिसल्यापासून तो बिचारा दर वेळी फडावर फोन करून वजनं नव्याने विचारायचा आणि हाताने बेरीज मारायचा. कुणाला सांगितलं का नाहीस, असं विचारल्यावर म्हणाला, "मला वाटलं, साहेबांनीच झाकल्यात आकडं. मोठ्यांचं काय आसंल, आपुन कशाला इचारा?" साडूंनी एका बोटाने रकाना रुंद केला. जाळी गेली, आकडे उघडे पडले. कारकुनाने चटकन मान दुसरीकडे वळवली आणि हळूच विचारलं, "बघू का?"

यंत्र इंग्रजीत जे काही बोले, त्याला साडू मराठीत उत्तर देत. पडद्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं की खुर्चीला टेकून म्हणत, "बोलत न्हाईस व्हय? नको बोलूस. मलाबी घाई न्हाई." आणि खरंच हाताची घडी घालून बसत. सगळ्यात राग त्यांना 'आर यू शुअर' या प्रश्नाचा. काहीही पुसायला गेलं की यंत्र नक्की का म्हणून विचारतं, हा त्यांना स्वतःच्या विद्येचा अपमान वाटे. "माझ्या सासऱ्यानं पोरगी देताना एवडं इचारलं न्हाई," असं म्हणून ते त्या 'येस'वर असं बोट दाबत, की पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचके. बंद करून पुन्हा चालू करणे या उपायाचा तर उच्चारही त्यांच्यापुढे करायची चोरी होती. तो इलाज नसून पळवाट आहे आणि असले इलाज सांगणाऱ्यांनी भजी तळावीत, असं ते चारचौघांत सांगत.

आणि त्यांचा केर. कुठल्याही यंत्रापुढे बसले की पहिलं काम म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला रिसायकल बिन, म्हणजे कचऱ्याचा डबा, रिकामा करायचा. कुणाला विचारायचं नाही, आत काय आहे बघायचं नाही. "आदी आंगण झाडायचं, मग घरात जायाचं," असं म्हणत त्यांनी किती ऑफिसांतला केर काढला असेल, देव जाणे. या केरापायीच एकदा त्यांची पाचावर धारण बसली.

पाटणच्या वाटेवर नदीकाठच्या एका गावात दूध संस्था होती. तिचे सचिव आण्णा. केस पांढरे, सदरा पांढरा, बोलणं सावकाश. संस्थेचं यंत्र अगदीच मंदावलं म्हणून त्यांनी साडूंना बोलावलं आणि स्वतः डेअरीकडे गेले. मी बरोबर होतोच. साडूंनी दुधाचे हिशेब काढून बाजूला ठेवले, डबा रिकामा केला, यंत्राने नक्की का विचारल्यावर नेहमीप्रमाणे सासऱ्यांचा उद्धार केला, आणि मग अख्खं यंत्र फॉरमॅट मारून नवी सिस्टीम टाकली. दुपारपर्यंत ते खोंडासारखं पळायला लागलं. आण्णा आले, चष्मा लावून बसले, हिशेब बघून समाधानाने मान हलवली आणि कोपऱ्यातला डबा उघडला.

"ह्यातलं कुटं गेलं?"

"केर व्हय? काडला की," साडू अभिमानाने म्हणाले.

"त्यात नाटक हुतं," आण्णा म्हणाले.

ऑफिसचं यंत्र सगळ्यांच्या हाताखालचं. चेअरमनचा पुतण्या तर सगळ्या फायली उचकटायचा. तेव्हा आण्णांनी पुष्कळ विचार करून असं ठरवलं होतं, की केराच्या डब्यात कुणी हात घालत नाही. रोज काम संपलं की ते आपलं नाटक डब्यातून वर काढत, दोन बोटांनी चार ओळी लिहीत आणि पुन्हा डब्यात टाकत. नाटक होतं त्याच गावच्या नावाड्याचं, नदीवर पूल व्हायच्या आधीच्या काळातलं. गावच्या यात्रेत पूर्वी दर वर्षी नाटक व्हायचं आणि ते आण्णाच बसवायचे. मग पोरं पुण्याला गेली, फौजेत गेली, आणि यात्रेला आर्केस्ट्रा यायला लागला. यंदा कुठे फौजेतल्या पोरांनी शब्द दिला होता, की नाटक आपल्या गावचं असेल तर सुट्टी काढून येतो आणि काम करतो. यात्रा कमिटीने त्यावर अट घातली होती. होळीपर्यंत नाटक लिहून हातात आलं तर नाटक, नाहीतर आर्केस्ट्र्याला सुपारी. आणि एवढं जमूनही जर नाटक झालं नाही, तर पुन्हा आपलं कुणी ऐकणार नाही, हे आण्णांना पक्कं ठाऊक होतं.

साडू यंत्रातली डिस्क काढून, तिच्या जागी दुसरी बसवून, कऱ्हाडला घेऊन गेले. गेलेल्या फायली परत आणण्याचे जेवढे म्हणून उपाय त्यांना माहीत होते, ते सगळे त्यांनी लावून पाहिले. हाती आले ते चौकोन, अर्धेमुर्धे शब्द आणि दुधाच्या फॅटचे जुने आकडे. मेहुणीचा माझ्या बायकोला फोन आला, "ह्ये धड जेवतबी न्हाईत गं. नुसतं पडद्याकडं बघत बसत्यात." पुढच्या शनिवारी आम्ही त्या गावाला निघालो, तर कऱ्हाडपासून साडूंनी एकाही यंत्राचा उद्धार केला नाही. मला भीतीच वाटायला लागली. गिऱ्हाइकाला 'होत नाही' असं त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. काहीही असलं तरी "हुतंय, हुतंय" हेच उत्तर. त्या दिवशी ते संस्थेच्या दारात चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "आण्णा, गेलं. माझ्या हातनं गेलं."

आण्णा रागावतील, चार शब्द बोलतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसतं "मग आता आर्केस्ट्रा आणत्याल," असं म्हटलं आणि पुढ्यातल्या दुधाच्या पावत्या लावायला घेतल्या. मला फार वाईट वाटलं. त्या म्हाताऱ्याचंही आणि माझ्या साडूंचंही, कारण इतकं पडलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

मग साडू आत गेले, आण्णांच्या खुर्चीवर बसले आणि कीबोर्ड पुढे ओढला. "न्हाई आणत. बसा हितं. तुमी सांगा, मी टाईप करतो."

"आवं इंजिनेर, मला समदं याद न्हाई आता."

"जेवडं हाय तेवडं सांगा."

त्या दिवसापासून होळीपर्यंत साडू रोज दुपारी त्या गावाला जायचे. साताऱ्यापासून मिरजेपर्यंतची यंत्रं वाऱ्यावर. गिऱ्हाइकांचे फोन आले की साडू इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून सांगत, "बंद करून चालू करा." आणि बहुतेकांची यंत्रं तेवढ्यावर चालू व्हायची. हे त्यांना इतकं लागलं, की एकदा मिरजेच्या एका डॉक्टरांनी फोनवर आभार मानले तर साडूंनी त्यांनाच झापलं.

शनिवारी मी तिथे असे, म्हणून हे लेखन मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साडू गप्प बसून लिहून घेणारे थोडेच? नावाडी सावकाराला फुकट का नेतो, यावरून पहिल्याच अंकात भांडण लागलं. "ह्यो नावाडी लय गप हाय आण्णा," साडू म्हणाले. "त्याला जरा बोलू द्या की."

"नाटक माजं हाय का तुमचं?"

"तुमचंच. पण एवडं सोसल्यावर माणूस कायतरी बोलंल का न्हाई?"

"न्हाई बोलत. तो गपच ऱ्हातो. सांगतो तेवडं लिवा."

साडूंनी लिहिलं. पुढे पूल झाल्यावर नावाडी आपली नाव काठावर ओढून उलटी घालतो, तो प्रवेश सांगताना आण्णा मधे मधे थांबत, आठवत, एखादं वाक्य मागे घेत. "पहिल्यात ह्ये न्हवतं. पण ऱ्हाऊ दे," म्हणत. साडू मान खाली घालून टाईप करत राहिले. त्यांचं नाक वाहत होतं आणि सर्दी नव्हती.

होळीच्या आधी नाटक कमिटीच्या हातात पडलं. पोरं सुट्टीवर आली. नावाड्याच्या बायकोचं काम करायला फौजेतल्या एका दणकट गड्याने आपल्या झुपकेदार मिशा उतरवल्या आणि नाटक दणक्यात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत चहाला हीऽ गर्दी. जो तो आण्णांचा हात हातात घेत होता. गर्दी जरा पांगल्यावर आण्णा साडूंच्या शेजारी येऊन बसले. "झ्याक झालं," ते म्हणाले. "पण इंजिनेर, पहिलं लय भारी हुतं." त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. पुढेही जेव्हा भेटत तेव्हा ते इतक्याच साधेपणाने हे सांगत, आणि साडू दर वेळी मान हलवत.

आता आण्णा नाहीत. साडूंचं हिंडणंही जवळजवळ थांबलं आहे. हल्ली ऑफिसातलं यंत्र अडलं की कुठल्या तरी शहरात बसलेला कुणीतरी तिथूनच बाण हलवतो आणि दुरुस्त करून टाकतो. तो जबान्या घेत नाही, चहा घेत नाही, आणि तो कोण होता हेही कुणाला कळत नाही. माझ्या ऑफिसचंही तसंच चाललं आहे, आणि शनिवार मला खायला उठतो.

परवा रविवारी कऱ्हाडला गेलो होतो. जेवणं झाली आणि साडू आतल्या खोलीत जाऊन बसले. टेबलावर एक जुनी डिस्क वायरीला लावलेली. दूध संस्थेच्या यंत्रातून काढून आणलेली तीच ही; तेव्हापासून ती त्यांनी दुसऱ्या कशाला न वापरता जपून ठेवली होती. फायली शोधण्याचा कुठलाही नवा प्रोग्रॅम आला की ते तो आधी या डिस्कवर लावून बघतात, असं मेहुणी म्हणाली. आण्णा गेल्यावरही त्यांनी ते सोडलेलं नाही. "काय गावणार हाय त्यात आता?" असं ती दारातून म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता भांडी घासायला गेली.

त्या दिवशी मात्र एक पान अख्खं वर आलं होतं. नाव उलटी घालायच्या प्रवेशाचं. साडूंनी शेजारी यात्रेत झालेल्या नाटकाची प्रत उघडून ठेवली होती. मी दोन्ही वाचली. शब्द तेच, वाक्यं तीच. जी आण्णांनी "पहिल्यात न्हवतं" म्हणून घातली होती, तीसुद्धा जशीच्या तशी तिथे होती. मी साडूंकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते.

"ह्ये पान तेवडं सारकं निघालं पाव्हणं," ते म्हणाले. "बाकीचं येगळं आसणार. आण्णा उगं न्हाई म्हणायचे."

आणि त्यांनी शोध पुन्हा पहिल्यापासून लावला. मला त्यांच्याबद्दल फार माया दाटून आली. "व्हय, येगळंच आसणार," असं मी म्हणालो आणि खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलो.