रंगमास्तरांच्या चिठ्ठ्या

रंगमास्तरांना माणसांपेक्षा कापडाचा रंग लवकर कळायचा, आणि तिथेच सगळा घोळ झाला. कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांची तीस वर्षं गेली. सहा वर्षांपूर्वी मालकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की कामगार आता नव्या कंपनीच्या नावावर जातील, नुसता कागदाचा खेळ आहे. मास्तरांनी साठ जणांना समजावून त्यांच्या सह्या घेतल्या. स्वतः तर मालक बोट ठेवतील तिथे सही ठोकली. वाचायचं कशाला, मालक काय परके होते?

मग कारखान्याचं दिवाळं वाजलं आणि पाच महिन्यांचे पगार अडकले. देणी भागवायला नेमलेल्या अधिकारी बाई म्हणाल्या, तुम्ही या कंपनीचे नाहीच, तुमची कंपनी दुसरी. त्या दुसरीकडे तर बसायला खुर्चीसुद्धा नव्हती. त्या दिवसापासून साठही जणांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी दूर. दिवसभरात ते फक्त दूधवाल्याशी बोलत, तेही "अर्धा लिटर" एवढंच.

एका दुपारी त्यांना माळ्यावरची पत्र्याची पेटी आठवली. टाकीत रंग सोडण्याआधी रोज कापडाचा तुकडा चिठ्ठीवर डकवायचा, कोण कुठल्या टाकीवर ते लिहायचं आणि जुन्या कंपनीच्या मॅनेजरची सही-शिक्का घ्यायचा, हा मास्तरांचा शिरस्ता. चिठ्ठी फेकायची नाही, हाही त्यांचाच. बायको म्हणायची, "या चिंध्या वर जाताना बरोबर नेणार आहात का?"

पेटी खांद्यावर घेऊन ते कचेरीत गेले. बाईंनी दोन दिवस चिठ्ठ्या चाळल्या. शेवटपर्यंत हुकूम जुन्या कंपनीचाच, म्हणजे कामगारही तिचेच, असं ठरलं. साठही नावं यादीत चढली.

एकसष्टावं मात्र नव्हतं. मास्तरांनी भीत भीत विचारलं, तेव्हा बाईंनी एक जुना कागद पुढे सरकवला. खाली त्यांचीच सही होती.

"काका, ती दुसरी कंपनी तुमच्या नावावर आहे. कागदोपत्री तुम्ही कामगार नाही, मालक आहात."

यादीखालीही तसंच छापलं होतं. बाहेर पायऱ्यांवर सगळे ती वाचत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. कुणीतरी हाक मारावी, असं मास्तरांना फार वाटलं. चिठ्ठ्या कुणी आणल्या, हे कामगारांना कोणी सांगितलं नव्हतं. मास्तर पायरीपाशी आले. ज्याला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं, तो टाकीवाला बाजूला सरकला.

"वाट द्या रे मालकांना," तो म्हणाला.

सगळ्यांनी वाट दिली. रिकामी पेटी घेऊन मास्तर त्यांच्यामधून खाली उतरले.