मानवळवे आणि गुन्हेगाराचे कान

त्यांचं खरं आडनाव तुरुंगात कुणाला ठाऊक नव्हतं. नव्या कैद्यांचे फोटो काढणं हे त्यांचं काम. एक फोटो समोरून, एक बाजूनं. समोरचा झाला की ते म्हणत, "मान वळवा." दिवसातून वीस-पंचवीस वेळा, वर्षानुवर्षं. त्यामुळे कैद्यांनी त्यांना मानवळवे करून टाकलं, मग शिपायांनी, मग साहेबांनी. एकदा तर बढतीच्या यादीतही तेच नाव छापून आलं होतं. ती बढती बरेच दिवस मिळाली नाही, कारण त्या नावाचा माणूसच नोकरीत नव्हता.

फोटोची खोली फाटकाच्या आत डाव्या हाताला. एक तिपाई, दोन दिवे, भिंतीवर उंचीच्या रेघा आणि फरशीवर पिवळ्या रंगानं काढलेली दोन पावलं. पावलांवर पाऊल ठेवून उभं राहायचं, नंबराची पाटी छातीशी धरायची. त्या दोन पावलांवर मानवळव्यांनी हजारो माणसं उभी केली, आणि सातव्या-आठव्या वर्षी त्यांना वाटायला लागलं की आपल्याला काहीतरी कळलंय.

काय कळलं होतं? तर गुन्हेगार जन्मालाच गुन्हेगार म्हणून येतो आणि तो चेहऱ्यावरून ओळखता येतो. कानाची पाळी गालाला चिकटलेली असेल तर चोर. भुवया जुळलेल्या असतील तर मारामारी. खालचा जबडा पुढे आला असेल तर प्रकरण खुनापर्यंत जाणार. अफरातफर करणाऱ्यांचे चेहरे मात्र साबणाच्या जाहिरातीतल्यासारखे गुळगुळीत निघत. शास्त्राला अपवाद असायचाच, असं म्हणून मानवळव्यांनी त्यांना बाजूला ठेवलं होतं.

आता ते स्वतःच ही गोष्ट सांगतात आणि सांगताना सगळ्यांच्या आधी हसतात. "माझ्यापुढे जो उभा राहायचा तो पोलिसांनी आधीच पकडून आणलेला असायचा," ते म्हणतात. "निम्म्यांचा तर खटलाही उभा राहिलेला नसायचा. आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो, हा गुन्हेगार! दवाखान्याच्या दारात उभं राहून सांगावं, आत चाललेला माणूस आजारी दिसतोय, तसलीच माझी विद्या. आणि कान? कान काय, सगळ्यांनाच होते."

पण तेव्हा असं हसू येत नव्हतं. लग्नाकार्यात मानवळव्यांभोवती घोळका जमायचा. कुणी भाडेकरूचा फोटो दाखवायचं, कुणी होऊ घातलेल्या जावयाचा. मानवळवे फोटो हातभर लांब धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि निकाल द्यायचे. त्यांच्या घरी येणाऱ्या बायका पदर किंवा ओढणी कानावरून घ्यायला लागल्या होत्या. बायको म्हणायची, "अहो, माणसं आपल्याकडे चहाला येतात, झडतीला नाही."

"तुला शास्त्रातलं काय कळतं?"

"शास्त्रातलं नाही कळत. पण चहा अर्धा टाकून लोक का उठतात ते कळतं."

अशात मुलीनं एक दिवस जेवताना सांगितलं की तिनं लग्न ठरवलंय. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. तिच्या ऑफिसच्या इमारतीत आला होता, तिथे ओळख झाली. रविवारी तो घरी आला. मानवळव्यांनी दार उघडलं आणि सवयीनं आधी चेहरा बघितला. जुळलेल्या भुवया, चिकटलेल्या पाळ्या, पुढे आलेला जबडा. अख्खा संच! इतकी वर्षं एकेक खूण सुटी सुटी बघितलेली, आणि त्या सगळ्या मिळून आज नमस्कार करत दारात उभ्या.

तो गेल्यावर ते मुलीला म्हणाले, "बाळा, याचे कान बघितलेस?"

"बघितले की. ऐकतो तो त्यांनी. माझं पूर्ण बोलणं ऐकतो. या घरात तेवढंही कुणी करत नाही."

यावर बायको इतकी हसली की मानवळव्यांना विषय सोडावा लागला. लग्न झालं. फोटो त्यांनी स्वतःच काढले आणि सवयीनं नवरदेवाला दोनदा "मान वळवा" म्हणाले. जावई मात्र घरी येऊन गेला की ते स्वयंपाकघरात जायचे आणि चमचे मोजायचे. पाच वर्षं मोजले. एकदाच एक कमी भरला, तो मोरीत सापडला. तोपर्यंत मानवळव्यांना दोन तास सुखाचे गेले होते.

मग तुरुंगात डॉक्टरबाई आल्या. त्या मानसशास्त्राच्या. माणूस गुन्हा का करतो, त्यात जन्मजात किती, स्वभावाचं किती आणि परिस्थितीचं किती, याचा अभ्यास करायला वर्षभर येणार होत्या. बसायला त्यांना फोटोच्या शेजारची खोली मिळाली. मानवळव्यांना वाटलं, अखेर शास्त्र आपला पत्ता शोधत आलं. पहिल्याच दिवशी ते आपली वही घेऊन गेले. वहीत कानांची चित्रं होती, पेन्सिलीनं काढलेली, खाली गुन्ह्यांच्या कलमांसकट.

डॉक्टरबाईंनी वही नीट बघितली, पानं उलटली. म्हणाल्या, "चित्रं सुंदर आहेत."

"आणि सिद्धांत?"

"दीडशे वर्षांपूर्वी काही विद्वानांनाही असंच वाटलं होतं. कवट्या मोजल्या, जबडे मोजले. पुढे त्याच मोजपट्ट्या तुरुंगाबाहेरच्या लोकांना लावून बघितल्या, तेव्हा सगळं फसलं. तुम्ही देता का परीक्षा?"

मानवळवे मागे हटणारे नव्हते. बाईंनी दूरच्या एका तुरुंगातले पन्नास फोटो आणले आणि पन्नास साध्या माणसांचे. सगळ्यांना एकसारखा शर्ट, मागे एकच भिंत. ओळखायचं एवढंच, की कैदी कोण. मानवळव्यांनी बाह्या सरसावल्या आणि पाऊण तासात दोन ढीग केले. फाटकावरचे दोन शिपाई निकाल बघायला येऊन थांबले होते.

"एकेचाळीस बरोबर," बाई म्हणाल्या.

"पन्नासपैकी?"

"शंभरपैकी."

"म्हणजे तसं बरंच झालं."

"डोळे मिटून वाटले असते तरी पन्नासच्या आसपास बरोबर आले असते. तुम्ही सांगाल त्याच्या बरोबर उलट धरलं, तर मात्र एकोणसाठ होतात. म्हणजे उपयोग अगदीच नाही असं नाही."

शिपाई हसत बाहेर पळाले. मानवळव्यांनी फोटो उलटे करून मागचं वाचलं. ज्या बाईला त्यांनी विष घालणारी ठरवलं होतं, तिनं तीस वर्षं बहिऱ्या मुलांना शिकवलं होतं. आणि 'हा देवमाणूस' म्हणून ज्याला सगळ्यात वर ठेवलं होतं, त्यानं एकाच वेळी तीन बायकांशी संसार मांडले होते, एकीचा दुसरीला पत्ता नाही.

दुसरा कुणी असता तर इथे शहाणा झाला असता. मानवळवे चार दिवस गप्प बसले आणि पाचव्या दिवशी बाईंच्या दारात उभे राहिले. "कान जाऊ द्या. पण शरीरात काहीतरी असेलच ना?"

बाईंनी खुर्ची दिली. सांगितलं की थोडंफार असतं. कुणी जन्मतःच उतावळा असतो, कुणाला धोक्याची भीती कमी वाटते, कुणाला दुसऱ्याचं दुःख चटकन पोचत नाही. डोक्याला मार लागला तर स्वभाव बदलतो. काही अभ्यासांत असंही दिसलं होतं की मारामारी करणाऱ्यांत शांत बसल्या वेळची नाडी संथ असलेली माणसं जरा जास्त असतात.

"नाडी!" मानवळवे अर्धे उठले.

"बसा. संथ नाडीची बहुतेक माणसं आयुष्यभर कुणाला चिमटासुद्धा काढत नाहीत. काही जण आगीच्या बंबावर जातात, काही निवांत मासे धरत बसतात. स्वभाव म्हणजे निकाल नव्हे. घरचे कसे वागले, शाळेत काय झालं, कुणी हात दिला की लाथ मारली, हे सगळं त्यात येतं."

पण 'नाडी'नंतरचं मानवळव्यांना ऐकूच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बाईंनी तुलनेसाठी नोकरवर्गाकडूनही प्रश्नपत्रिका भरून घेतल्या. मानवळव्यांनी ऐटीत पेन काढलं. 'आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं असं वाटतं का?' त्यांनी 'हो' वर खूण केली; खोटं कशाला लिहायचं? 'आपली चूक दाखवल्यावर राग येतो का?' हसत पळालेले शिपाई डोळ्यापुढे आले. हो. 'आपल्या बोलण्यानं दुसरा दुखावला तर ते लक्षात येतं का?' अर्धे राहिलेले चहाचे कप आठवले, पण त्यांनी 'येतं' लिहिलं. मग आलं: 'कामाच्या ठिकाणची वस्तू न विचारता घरी नेली आहे का? नेली असल्यास वाईट वाटलं का?'

'नाही' असं ठसठशीत लिहून झालं आणि पेन थांबलं. घरी बैठकीच्या खोलीत मुलीच्या लग्नाचा हातभर मोठा फोटो लावलेला होता. तो ज्या कागदावर छापला होता तो तुरुंगाचा. अल्बमचे दोनशे फोटो, तेही त्याच कागदावर. त्याआधी मुलीच्या वाढदिवसांचे, मेहुणीच्या घराचे, एका पोपटाचेसुद्धा. बावीस वर्षं कागद पिशवीतून घरी जात होता आणि एकदाही, एक क्षणही, वाईट वाटलं नव्हतं. ती चोरी आहे हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्याच्या कानात चोर शोधता शोधता चोर रोज त्यांच्याच चपला घालून घरी येत होता.

त्यांनी 'नाही' खोडून 'हो' केलं. पुढच्या रकान्यात 'वाईट वाटलं नाही' लिहिलं. मग खाली बारीक अक्षरात, 'आता वाटतंय.' कागद देताना विचारलं, "बाई, माझे मार्क किती?"

"यात मार्क नसतात."

"तरी पण. आत घालण्याइतके आहेत का?"

"तुमच्याइतके तर साहेबांचेही आहेत," बाई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली.

इतकं होऊनही त्या रविवारी जावई आला तेव्हा मानवळव्यांना राहवलं नाही. तो पेपर वाचत बसला होता. ते शेजारी जाऊन बसले आणि हवापाण्याचं बोलता बोलता त्याचं मनगट धरलं. नजर घड्याळावर. एक मिनिट.

"किती?" जावयानं विचारलं.

"बावन्न." मानवळव्यांची स्वतःची नाडी धाडधाड उडत होती. त्यांची सहज शंभर असावी.

"कंपनीचा डॉक्टरही तेवढीच सांगतो. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला संथ नाडी बरी असते म्हणे." त्यानं पेपरची घडी केली. "बाबा, आज नाडी. इतके दिवस चमचे होते."

मानवळव्यांनी मनगट सोडलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. मी पायऱ्या उतरेपर्यंत खणखण ऐकू यायची."

"मग बोलला का नाहीस?"

जावयानं पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "सवय आहे मला. शाळेत काही हरवलं की पहिल्यांदा माझंच दप्तर उघडायचे. तोंडच असलं. दोन वर्षं मी काही घेतलं नाही आणि दोन वर्षं दप्तर उघडत राहिले. तिसऱ्या वर्षी म्हटलं, आळ येतोच आहे तर घेऊन तरी बघू. शेजारच्याची कंपास पेटी घेतली."

"पकडलं?"

"घेताना नाही पकडलं. सकाळी परत ठेवायला गेलो तेव्हा पकडलं." तो हसला, पण फार नाही. "शाळेतून काढलं. मग तंत्रशाळेत गेलो. तिथे हत्यारांच्या कोठीचे एक सर होते. त्यांना हे सगळं कळलेलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी कोठीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, म्हणाले, संध्याकाळी कुलूप लाव आणि जा. बस. मी तिथे तीन वर्षं एक खिळा हलू दिला नाही."

मानवळव्यांची नजर खाली फरशीवर गेली. इतक्या वर्षांत त्या पिवळ्या पावलांवरून किती जण असे गेले असतील, दप्तर उघडून उघडून इथवर आणलेले? आणि आपण त्यांना काय दिलं? वहीत एकेक कान काढला.

"चुकलंच माझं," ते शेवटी म्हणाले. मग राहवेना म्हणून पुढे म्हणाले, "तसा खरा चोर या घरात मीच आहे. तो फोटो बघितलास भिंतीवर? सरकारी कागद."

जावयानं मान वर करून स्वतःच्या लग्नाचा फोटो नीट बघितला. "तरीच," तो म्हणाला, "माझी छातीशी पाटी धरल्यासारखी पोज आलीय."

आत बायको इतक्या मोठ्यानं हसली की मुलगी धावत आली.

मानवळव्यांनी पुढच्या आठवड्यात साहेबांसमोर कागदाचं सगळं कबूल केलं. साहेब घाबरले. हा माणूस असंच बोलत सुटला तर उद्या कोण काय कबूल करेल, या काळजीनं त्यांनी मानवळव्यांना तोंडी समज देऊन घाईनं बाहेर घालवलं. मानवळव्यांनी कागदाची चार पाकिटं स्वतः विकत आणून गुपचूप कपाटात ठेवली. बाईंचा अभ्यास वर्षाअखेर संपला, त्या गेल्या. वही त्यांनी मागून घेतली, विद्यार्थ्यांना दाखवायला. कशाचं उदाहरण म्हणून, ते मानवळव्यांनी विचारलं नाही.

लग्नाकार्यात आता ते कोपऱ्यात बसून गप्प जेवतात. परवा मेहुणी तिच्या मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो घेऊन आली. मानवळव्यांनी फोटो उलटा करून परत दिला. "मुलाला भेट, त्याच्याबरोबर काम करणाऱ्या चार जणांना भेट. फोटोत काही नसतं गं."

"वा! साऱ्या जगाचं बघितलंत, आणि आमची वेळ आली तेव्हा शास्त्र बंद?" ती फणकाऱ्यानं उठली आणि थेट अक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्या एका गृहस्थांकडे गेली. त्यांच्याकडे म्हणे सकाळपासून रांग असते आणि आजवर त्यांचं एकही भाकीत चुकलेलं नाही. हे ऐकून मानवळव्यांना, सगळं कळत असूनही, अंमळ हेवा वाटला.