पदराला लागलेला माईक

माझ्या सासूबाईंना ऐकू येत नव्हतं, या एकाच भक्कम पायावर आमचं एकत्र कुटुंब नऊ वर्षं सुखानं उभं होतं.

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. कान गेलेले, पण आवाज असा की कुस्तीच्या मैदानात पुकारायला बसवावं. (आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, ही त्यांची समजूत.) जेवणं म्हणजे रोजची जुगलबंदी.

"आत्ती, भात वाढू?"

"हात धुतलाय की मघाशीच!"

टीव्हीवरच्या मालिकेत कुणी हुंदका दिला, की मागच्या गल्लीतली बाई खिडकीतून विचारायची, "काय झालं वो? कोण गेलं?"

तरी माझी तक्रार नव्हती. भांडी घासता घासता मी आत्तींना जे जे सुनावायचे, ते त्यांच्यापासून चार फुटांवर उभी राहून सुनावायचे. तोंड तेवढं सिंककडं ठेवायचं, की झालं! फोनवर तर मी त्यांची दुभाषी. आजऱ्याची त्यांची बहीण तानूमावशी म्हणायची, "अक्काला इच्चार, महिनाभर ऱ्हायला येऊ काय?" मी आत्तींच्या कानाशी ओरडायचे, "तब्येत बरी हाय न्हवं, म्हणत्यात!" आत्ती तिकडं ओरडायच्या, "बरी हाय, बरी हाय!" आणि मी मावशींना सांगायचे, "नंतर या म्हणत्यात." सगळे समाधानी!

मग आमच्या ह्यांना आईची माया आली. (ती त्यांना पुरणपोळीसारखी सणावाराला येते.) आत्तींना आणि मला घेऊन ते कानाच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मॅडमनी तपासणी केली आणि बोटाच्या पेराएवढी दोन यंत्रं आत्तींच्या कानामागं बसवली.

"ह्यात ब्लूटूथ आहे, आजी. तुमच्या मोबाईलला जोडून देते. फोन आला की आवाज थेट दोन्ही कानांत. ही डबी टीव्हीला लावायची. मग टीव्हीचा आवाज बंद केला तरी तुम्हाला ऐकू येईल."

मग त्यांनी अंगठ्याएवढा एक चिमटा माझ्या हातात दिला.

"आणि हा माईक. गर्दीत काय होतं, भांड्यांचा, पंख्याचा, चार माणसांचा आवाज यंत्रात एकदम शिरतो. आपलं माणूस काय म्हणतंय ते कळत नाही. म्हणून बोलणाऱ्यानं हा तोंडाजवळ लावायचा. लांबून बोलला तरी शेजारी बसून बोलल्यासारखं वाटेल. काम झालं की आठवणीनं बंद करा हं! बटण दाबून धरलं की हिरवा दिवा जातो."

मी मान हलवली. शेवटची दोन वाक्यं सोडून सगळं नीट ऐकलं होतं. त्या दोन वाक्यांच्या वेळी मी मॅडमच्या साडीचे काठ बघत होते.

घरी आल्यावर आत्ती तासभर नुसत्या ऐकत बसल्या. "ह्ये घड्याळ चालू हाय व्हय? मला वाटलं, बंद पडलंय." नळाचं ठिबकणं ऐकलं, चिमण्या ऐकल्या, स्वतःच्या चपला ऐकल्या. नातवाचा परगावाहून फोन आला, तेव्हा मोबाईल मांडीवर ठेवून त्या त्याच्याशी बोलत राहिल्या आणि डोळ्यांतनं पाणी काढलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी तानूमावशींचा फोन आला. दुभाष्याची गरज उरली नव्हती. पाच मिनिटांनी आत्ती माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तानी म्हणतीया, नऊ वर्सं झाली, दर खेपंला येऊ काय इच्चारतीया. आनि मी नगं म्हणतीया!"

तानूमावशी एक महिना राहून गेल्या.

त्यानंतर मी सिंककडं तोंड करून बोलणं बंद केलं. यंत्रं कानात आहेत की उशाशी, हे बघूनच तोंड उघडायचे. पण माणूस बेसावध होतो तो पाव्हणं आल्यावर.

माझ्या नणंदेचं, मंगलवन्संचं सासर चंदगडला. त्यांच्या ऋतुजाचं लग्न जमवायचं होतं. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचं स्थळ आलं. पाव्हण्यांना ऐन पावसाळ्यात चंदगडचे घाट कशाला चढायला लावायचे, म्हणून बैठक कोल्हापुरात आमच्या घरी ठरली. पोरगा आणि ऋतुजा एकमेकांना पसंत होते. वडीलधाऱ्यांनी एकत्र जेवायचं आणि तारीख धरायची, एवढंच राहिलं होतं. वन्संनी आठ दिवस आधीच बजावलं, "वहिनी, कायबी कमी पडू देऊ नका. पोराची आई लई बारकाईनं बघती म्हणं!"

रविवारी पाव्हणं आले. पोराची आई, पोराचे मामा आणि आणखी चारजण. दहा माणसं एकदम बोलायला लागल्यावर आत्ती गांगरल्या. मग मी तो माईक पदराला लावला, दाराशी उभी राहिले आणि त्यांना एकेकाची ओळख करून दिली. "आत्ती, ह्या पोराच्या आई. ह्ये मामा." आत्ती अगदी राणीसारख्या मान डोलवत होत्या. पाव्हणं चकित! मामा म्हणाले, "काय यंत्र काढलंय वो!" मी कौतुक पदरात घेतलं आणि जेवण वाढायला आत गेले. पदरात कौतुक होतं, पदराला माईक होता.

स्वयंपाकघरात माझी बहीण शोभा मदतीला आलेली. तांबडा रस्सा वाढून ती रिकामं पातेलं घेऊन आली. मी म्हणाले, "अगं, आत्ताच तर भरून दिलंवतं!"

"मामांनी चार वाट्या पिल्या."

"चार? ह्यो मानूस हाय का टँकर?"

तेवढ्यात बाहेरून आत्तींचा तो मैदानी आवाज आला, "असू दे की टँकर! पिऊ दे बिचाऱ्याला!"

दाराच्या फटीतून पाहिलं. मामांची पाचवी वाटी ओठांपर्यंत पोचलेली, ती तशीच खाली आली. आत्ती त्यांच्याकडं बघून प्रेमानं हसत होत्या. मी त्यांच्या शेजारीच कुठंतरी बसून बोलतेय, अशी त्यांची समजूत. मॅडमनी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द!

मला मात्र काहीच उमगलं नाही. मी कपाळावर हात मारला. "शोभे, बघ गं, पाव्हण्यांसमोर काय बोलायला लागली म्हातारी! पार येडी झाली."

नेमकं त्याच क्षणी पोराच्या आईनं आत्तींना गोड आवाजात विचारलं होतं, "आजी, तब्येत काय म्हणतीया?"

आत्ती कडाडल्या, "येडी तुझी आई!"

बाहेर कुणाचा तरी चमचा ताटात पडला. वन्सं धावत आत आल्या. चेहरा पांढऱ्या रश्श्यासारखा. "वहिनी! आईला काय झालंय? पोराच्या आईची आई काढली की गं! त्या ताटावरनं उठायच्या बेतात हायत!"

"मशीन बिघडलं असंल," मी म्हणाले. (बिघडलं नव्हतं. त्या दिवशी घरात तेवढं एकच नीट चाललं होतं.)

वन्सं परत बाहेर पळाल्या आणि विषय बदलायला म्हणून त्यांनी चटणीची वाटी पुढं केली. "ह्ये घ्या की! घरची चटणी. आईच्या हाताखाली वहिनी तयार झाली हाय." पोराच्या आईनं रागारागात भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला आणि त्यांचा चेहरा निवळला. "चटणी झकास हाय हो."

आत शोभा खुदकन हसली. तिला माहीत होतं. आमच्यात कांदा-लसूण चटणी म्हणजे घराण्याची अब्रू. उन्हाळ्यात मिरच्या निवडायच्या, मसाला भाजायचा, डंकाच्या गिरणीवर कुटून आणायची. आत्तींचे गुडघे गेल्यावर ती जबाबदारी माझ्यावर आली आणि मी ती चोख पार पाडली. म्हणजे, एका बचत गटाकडून तयार चटणी आणून आत्तींच्या बरणीत भरली.

"तुझं बरं चाललंय," शोभा म्हणाली.

"चार वर्सं झाली," मी ऐटीत सांगितलं. "विकतची आणून भरतीया. म्हातारीला पत्त्या न्हाय!"

बाहेरून आवाज आला.

"चार न्हाय! पाच!"

मी दारात गेले. आत्ती मला बघून दचकल्या. "आँ? तू हितं? मग माझ्या कानात कोन बोलतंय?"

सगळ्यांची नजर माझ्या पदराकडं. तिथं हिरवा दिवा डोळा मिचकावत होता.

आत्तींना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "कान गेलतं माझं. जीब न्हवं. पैल्या घासालाच कळलंवतं, विकतची हाय म्हणून."

"मग... बोलला का न्हाई?" माझा आवाज माईकमध्ये असूनही ऐकू येईना.

"कशाला बोलू? त्याच्या आदल्या साली तुझ्या हातची खाल्लीवती की!"

पोराची आई हसायला लागली. अशी हसली की ठसका लागला, वन्सं पाणी घेऊन धावल्या. ठसका थांबल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे आजी, मघाशी ती 'आई' माझी न्हवं?"

"न्हाय गं बाई! तुला कशाला? हिची काढली मी!" आत्तींनी माझ्याकडं बोट दाखवलं.

पोराची आई मोकळं हसली. मामांचं मात्र डोकं अजून चाललं होतं. वाटीकडं बघत ते सावकाश म्हणाले, "आनि त्यो टँकर?"

मी जमिनीत जागा शोधत होते. फरशी नुकतीच बसवलेली, एक फट नाही!

"चुकलं, पावणं," मी हात जोडले. "माफ करा."

"माफ-बिफ ऱ्हाऊ दे," मामांनी वाटी पुढं केली. "टँकर म्हणलायसा न्हवं? मग भरा की!"

आणि त्या दिवशी ऋतुजाची तारीख ठरली. निघताना पोराच्या आईनं वन्संचा हात धरला. "तुमच्या घरात काय झाकून ऱ्हात न्हाई. बरं असतं असलं घर." मला मात्र बाजूला घेऊन बचत गटाचा पत्ता मागितला.

पुढच्या आठवड्यात आत्तींनी ह्यांच्यामागं टुमणं लावलं. "सूनबाईला पाच-पाच हाका मारल्या तरी ऐकू जात न्हाई. तिचंबी कान बघून घे." मला वाटलं, गंमत. पण नेलं! मॅडमनी मला काचेच्या खोलीत बसवलं, बारीक बारीक शिट्या ऐकवल्या आणि कागद हातात दिला. "ताई, एवढे उत्तम कान तुमच्या वयात कमीच बघायला मिळतात!"

तो कागद आत्तींनी फ्रिजवर चिकटवलाय. आता मी आतून "काय म्हणालात? ऐकू न्हाई आलं!" असं ओरडले, की त्या उठतात, फ्रिजपाशी जातात, त्या कागदावर बोटानं टकटक करतात आणि मी मुकाट्यानं त्यांचा चहा टाकते.