भिंतीने सांगितलेलं माप
कोरड्या विटांवर पाणी मारलं की जो वास उठतो, तो आला की मला पनवेलची शाळा आठवते. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी तिथे नवी शिक्षिका होते आणि मुलींना मोहेंजोदडोचा धडा शिकवत होते. दूरदूरच्या शहरांतही विटा एकाच प्रमाणात घडवल्या जात, असं मी सांगितलं, तर एका मुलीने विचारलं, "बाई, हे माप त्यांना कोणी सांगितलं?" मी पुस्तकाची पानं चाळू लागले. बाहेर शाळेची नवी खोली बांधली जात होती. डोक्यावर विटा घेतलेली एक मजूर बाई खिडकीशी थबकली नि म्हणाली, "भिंतीनंच सांगितलं आसंल." मुली हसल्या, पण मी तिला आत बोलावलं. "मी कवा शाळंत आले नाय," म्हणत ती उंबऱ्याशीच अडली, तेव्हा मी तिचा हात धरून तिला आणलं. तिने टेबलावर एक वीट ठेवली, तिच्यावर दोन आडव्या ठेवल्या. दोन्हींची रुंदी मिळून खालचीची लांबी बरोबर भरली. "आसं माप जुळलं तरच वरचा थर सरकवून लावता येतो नि सांध्यावर सांधा येत नाय. आला, तर भिंत फाटते. बांधणाऱ्याला हे कळतंच." हजारो वर्षांपूर्वीचे ते कारागीर मला पहिल्यांदाच जिवंत माणसं वाटले. उरलेला तास तिनेच घेतला आणि मी मुलींच्या बाकावर बसून ऐकला. पुढे तीस वर्षं मी तो धडा शिकवला. हे उत्तर मला कोणी दिलं, ते दरवर्षी आवर्जून सांगितलं.